मोहिते भाऊंच्या हॉलमधले एकोणीस दगड

मोहिते भाऊंच्या घरात पूर्वेकडूनच शिरावं लागतं. दार दक्षिणेला आहे, ते वेगळं. दारात चपला काढायच्या, भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखं आडवं सरकत पूर्वेच्या फ्रीजपर्यंत जायचं, आणि तिथे दोन दगडांच्या मध्ये जी फट आहे तिच्यातून वर्तुळात यायचं. मग भाऊ म्हणतात, "या, बसा." बसायला मधोमध प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या आहेत. कुणी घाईनं दगड ओलांडून आलं तर भाऊ काही बोलत नाहीत, नुसते बघतात. तेवढ्यानं माणूस मागे फिरतो आणि फ्रीजकडून येतो. एसी दुरुस्त करणारा शिडी डोक्यावर धरून फ्रीजकडूनच आला होता.

दगड एकोणीस. कुठला वीतभर, कुठला त्याहून चार बोटं कमी. इंग्लंडातल्या एका खेड्याबाहेर मेंढ्यांच्या कुरणात असेच एकोणीस दगड उभे आहेत म्हणे, माणसाहून उंच. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी ते गोलात उभे केले. कुणी आणि कशासाठी, ते तिथल्या लोकांनाही सांगता येत नाही. तो सगळा गोल भाऊंनी इथे दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, आमच्या शेजारच्या एका खोलीच्या घरात, एका फुटाला एक इंच या मापानं उभा केलाय. पलंग त्यांनी केव्हाच देऊन टाकला. झोपायला वर्तुळात गादी घालतात.

भाऊ अल क्वोजला संगमरवराच्या एका यार्डात फोरमन आहेत. तीस वर्षं दगड कापतायत. अर्ध्या दुबईचे किचनचे ओटे आपल्या हाताखालून गेले, असं ते सांगतात, आणि त्या ओट्यांतून उरलेले तुकडे त्यांच्या वर्तुळात उभे आहेत. एक इटालियन पांढरा, एक ओमानचा बदामी, तीन आपल्याकडचे काळे. इंग्लंडात सगळे दगड एकाच करड्या रंगाचे आहेत. हे मी एकदा भीत भीत म्हटलं, तर भाऊ म्हणाले, "रंग बघायचा नाही, ताई. माप बघायचं."

आमची ओळखही मापावरूनच झाली. मी मुलाकडे, अभिजितकडे, नातीला सांभाळायला आले होते. लिफ्टमध्ये इराला सांगत होते की खाली केवढी मोठी गाडी उभी आहे बघ. इरानं उत्तर इंग्रजीत दिलं, ते मला कळलं नाही. पण मागून एक घोगरा आवाज आला, "मोठी म्हणजे किती? मोठी हे काही माप नाही." बघते तर बुटका, रुंद खांद्यांचा माणूस, भुवयांवर पांढरी धूळ आणि कमरेला पिवळा टेप. अनोळखी माणसाशी बोलायची मला सवय नाही. मी घाबरून भलत्याच मजल्यावर उतरले.

तो टेप त्यांच्या कमरेवरून कधी निघत नाही. मी थालीपीठ नेऊन दिलं तर आधी त्याचा व्यास घेतात. एकदा म्हणाले, मागच्या रविवारपेक्षा पाऊण इंच कमी आहे, तब्येत बरी नाही का? खरंच बरी नव्हती. आमच्या सूनबाईंनी नवीन सोफा घेतला तेव्हा दुकानदार म्हणत होता बसेल, अभिजित म्हणत होता बसेल, आणि भाऊ दारात उभे राहून म्हणाले, दोन सूत अडकेल. इंचाचे आठ सूत धरतात त्यांच्या कामात. सोफा दोन सूत अडकला.

टेप खोटं बोलत नाही, माणूस तो वाकडा धरतो, असं त्यांचं म्हणणं. आणि काम पुरं झालं की एकच शब्द, "खलास." दगड ओळंब्यात आला, बुडाला सिमेंट बसलं, की उजव्या हातानं हवेत एक रेघ मारायची आणि खलास.

दगड वर आणताना आमच्या बिल्डिंगच्या नातूरनं, म्हणजे वॉचमननं, त्यांना अडवलं होतं. तो पठाण आहे. पाचवा दगड लिफ्टमध्ये चढताना बघून त्यानं विचारलं, "चाचा, मंदिर बना रहे हो? परमिशन नहीं है." भाऊ म्हणाले, "मंदिर नहीं, इंग्लंड है." नातूरनं थोडा विचार केला आणि म्हणाला, "इंग्लंड का भी परमिशन नहीं है." मग भाऊंनी त्याला वर नेऊन सगळं दाखवलं. फ्रीजकडूनच नेलं. सहावा दगड नातूरनं स्वतःच्या खांद्यावर आणला.

अभिजित म्हणतो, म्हातारा सरकलाय. मीही तसंच समजत होते.

पण मला रोज थोडं काही लिहायची सवय आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, म्हणून मी ते कुणाला सांगत नाही. एकदा जिन्यात बसून लिहिताना भाऊंनी मला बघितलं आणि त्यांचं कामच झालं. वर्षानुवर्षं ग्राइंडर धरून त्यांची बोटं झिणझिणतात, पेन धरलं की अक्षरांना भूकंप होतो. दर रविवारी दुपारी इंग्लंडहून मापं येतात, ती वहीत लिहून द्याल का, म्हणाले. मी म्हटलं, मला जमणार नाही, चौथी शिकलेय. "मापाला चौथी पुष्कळ झाली," ते म्हणाले. "आमच्यात दशांश नाही, सूत आहे."

मापं पाठवायची त्यांची मुलगी, मनू. ती तिथल्या दवाखान्यात नर्स होती. आई तिची लहानपणीच गेली, भाऊंनीच वाढवली. त्या खेड्यात ती आणि तिचा नवरा राहत होते. मागच्या थंडीत नवरा दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेला. तेव्हापासून मनूनं नोकरी सोडली होती आणि घराचे पडदे ओढून बसली होती. हे मला भाऊंनी पहिल्याच रविवारी सांगितलं, जसं दगडाची लांबी, रुंदी, जाडी सांगतात तसं, आणि लगेच म्हणाले, "लिहा. दगड एक."

मला त्यांचा राग यायचा. चौतीस वर्षांची पोर, नवरा जाऊन वर्ष झालं नाही, आणि हा बाप तिला पावसात कुरणात पाठवून दगड मापायला लावतो. बरं, एकदा मापून सुटका नाही. दगडाची उंची, घेर, झुकला किती, शेजारच्या दगडापासून अंतर किती. पुढच्या रविवारी म्हणायचं, "चौथा चुकला वाटतं. यल्ला, परत माप." ती पोर "बाबा!" म्हणायची आणि बूट घालायची.

सुरुवातीला भाऊंनी तिला छत्रीची युक्ती शिकवली. छत्री जमिनीत रोवायची, छत्रीची सावली मापायची, दगडाची सावली मापायची, त्यावरून उंची निघते. चार रविवार गेले. मनू म्हणाली, "बाबा, इथं सावली मिळत नाही." मग शिडी शोधणं आलं. शिडी कुरणाच्या मालकाकडे होती. तो टोपीवाला म्हातारा आधी नुसता कुंपणावर हात ठेवून बघायचा. मग शिडी धरायला लागला. मग टेपचं दुसरं टोक. टेप सैल पडला की मधे खाली लोंबतो, त्याला भाऊंच्या यार्डात पोट येणं म्हणतात. भाऊ इथून फोनवर ओरडायचे, "टेल हिम, नो पोट!" दोन-तीन रविवारांनी तो म्हातारा आपणच टेप ताणून "नो पोट!" ओरडायला लागला. त्याची बायको थर्मासमधून चहा आणायला लागली.

दगडांना भाऊंनी नावं ठेवली होती. वाकलेला तो मुकादम. एकमेकींकडे पाठ करून उभ्या दोन त्या जावा. सातवा, खांदा खाली घातलेला, त्याचं नाव जावई. हे नाव ठेवलं तेव्हा मनू फोनवरच होती. मला वाटलं, आता ही रडणार. ती म्हणाली, "त्याचा डावा खांदा खाली होता, बाबा. ह्याचा उजवा आहे." भाऊ म्हणाले, "मग परत बघून सांग." मला जमिनीत जावंसं वाटलं.

दगडांच्या मधूनमधून भाऊंनी तिच्याकडून चर्चच्या मनोऱ्याच्या पायऱ्या मोजून घेतल्या, जुन्या कमानीच्या पुलाची रुंदी घेतली, रस्त्याकडेचा जुना मैलाचा दगड घेतला. पुलावरून एका वेळी एकच लादलेला घोडा जाईल एवढीच जागा आहे म्हणे. भाऊंनी तीही दोनदा मापायला लावली.

एका रविवारी वहीची पानं मागे उलटताना मला एक गोष्ट दिसली. दगड सात, उंची सात फूट चार इंच तीन सूत. भाऊंनी ते माप चुकलं म्हणून परत मागवलं होतं. सहा पानांनंतर पुन्हा दगड सात. सात फूट चार इंच तीन सूत. चौथा दगड तीनदा मापला होता, आणि तिन्ही वेळा आकडे तेच. मी समजून चुकले की मी ऐकते एक आणि मागचं आठवून लिहिते भलतंच. माझ्या चौथीच्या डोक्यामुळे ती पोर पावसात हेलपाटे घालत होती. आठवडाभर मी जुन्या कॅलेंडरच्या मागे चार आणि सहा गिरवत बसले. सूनबाईंनी विचारलं तर इराचा अभ्यास बघते म्हटलं.

त्याच सुमारास सुट्टीच्या दिवशी अभिजितनं आम्हा सगळ्यांना अल ऐनला नेलं. डोंगराच्या पायथ्याशी हजारो वर्षांपूर्वीच्या दगडी कबरी आहेत, वारुळासारख्या गोल, दगडावर दगड रचलेल्या. अभिजित म्हणाला, मोहिते काकांना घेऊ, वेडे होतील. मला वाटलं, आज काही आपण जेवायला घरी पोहोचत नाही.

भाऊंनी पहिल्या कबरीवर एकदा हात फिरवला, "बरं काम आहे," म्हणाले आणि गाडीच्या सावलीत जाऊन बसले. टेप कमरेवरून काढलाच नाही. सगळे कबरी बघत होते आणि हा माणूस फोनवर मनूच्या खेड्यातला पाऊस बघत होता.

मी मन घट्ट केलं आणि गाडीपाशी गेले. घरच्या माणसांशिवाय कुणाशी आपणहून असं मनातलं बोलल्याचं मला आठवत नाही. मी सांगून टाकलं की भाऊ, वहीत माझी चूक झालीय, सातवा आणि चौथा मी नीट लिहिला नाही, दुसरं कुणी शिकलेलं बघा.

भाऊ फोन खिशात ठेवत म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, ताई. सातवा पहिल्याच दिवशी बरोबर आला होता. मनूचा हात पक्का आहे. लहानपणी माझ्याबरोबर यार्डात बसायची."

"मग परत का मागवला?"

"बरोबर म्हटलं असतं तर ती घरात गेली असती."

मी खाली वाळूत बसले. मग ते सांगत गेले, डोंगराकडे बघत. जावई गेल्यावर त्यांनी तिकीट काढायला घेतलं होतं. मनू म्हणाली, बाबा, येऊ नका, मला कुणी नको. मग तूच इकडे ये म्हटलं, तर नाही. रोज फोन करायचे, ती पाच मिनिटं अंधारात बसून हो, नाही म्हणायची. एकदा त्यांनी विचारलं, खिडकीतून काय दिसतं? ती म्हणाली, पडदा. पडद्यापलीकडे? एक दगड आहे, बाबा. केवढा? मोठा. मोठा म्हणजे किती? मोठा हे काही माप नाही. तीन आठवडे दुसरं काही विचारलं नाही, रोज तेवढंच. चौथ्या आठवड्यात ती चिडली, शिवणाचा टेप घेतला आणि बापाचं तोंड बंद करायला म्हणून घराबाहेर पडली. किती महिन्यांनी ती उन्हावाऱ्यात उभी होती, ते भाऊंना दिवसांसकट ठाऊक होतं. बाहेर गेल्यावर तिला कळलं की दगड एक नाही, एकोणीस आहेत.

"मी हात जोडून देवाला नमस्कार केला," भाऊ म्हणाले. "एकोणीस म्हणजे वर्ष काढता येईल."

"आणि मला वाटायचं तुम्हाला दगडांचं वेड आहे."

"मला?" भाऊंना खरंच नवल वाटलं. "तीस वर्षं दगडच बघतोय, ताई. वीट आलाय."

त्या दिवसापासून मी वही सांभाळून लिहायला लागले आणि भाऊंच्या "चुकला वाटतं"ला मान हलवायला लागले. पण एकोणीस हे एकोणीसच असतात.

मागच्या रविवारी शेवटचा दगड उभा राहिला. इटालियन पांढरा, सहा इंच पाच सूत. भाऊंनी ओळंबा धरला, चारी बाजूंनी बघितला, बुडाचं सिमेंट बोटानं पुसलं. मी हवेतल्या रेघेची वाट बघत होते. ती आली नाही. ते खुर्चीत येऊन बसले आणि फोन समोरच्या स्टुलावर उभा करून ठेवला.

फोनवर मनू आली. तिच्यामागे पडदा ओढलेला होता. तिनं गोल बघितला, एकेक दगड बघितला. छान झालाय म्हणाली. मग म्हणाली, "आता खलास ना, बाबा? एकोणीस झाले. पूल झाला, चर्च झालं. इथं मापण्यासारखं काही राहिलं नाही."

"पाचवा मला जरा..."

"पाचवा तीनदा झाला. मला सगळे पाठ आहेत, बाबा. पुढच्या रविवारी मी झोपणार आहे. तुम्हीही आराम करा."

भाऊंनी टेप हातभर बाहेर काढला आणि सोडला. तो खटकन आत गेला. पुन्हा काढला, पुन्हा सोडला. हा माणूस आता काहीतरी बोलेल म्हणून मी बघत राहिले. त्यांनी टेप तिसऱ्यांदा काढला. एवढ्या महिन्यांत मी त्या फोनमध्ये एक शब्द बोलले नव्हते. कोपऱ्यात वही घेऊन बसायची, तेवढंच. मी खुर्ची पुढे ओढली.

"मनू, मी लिहिणारी काकू," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "माझी चूक झालीय गं. सातव्याचे इंच चार लिहिलेत की सहा, मलाच वाचता येत नाही. चौथी शिकलेय मी."

"चार, काकू. सात फूट चार इंच तीन सूत."

"ते तुला पाठ आहे म्हणून तू सांगतेस. पाठ हे काही माप नाही. टेप लावून सांग."

मनू माझ्याकडे बघत होती, मग तिनं बाबांकडे बघितलं. भाऊंनी टेपवर डोळे लावले होते. मनूनं तोंडावर हात धरला. हसली की काय झालं, मला कळलं नाही.

"पाऊस आहे, काकू."

"छत्री आहे ना?"

तिनं उठून पडदा बाजूला केला. खिडकीत करडा उजेड होता आणि लांबवर काहीतरी उभं होतं. मग फोन खिशात गेला असावा, कारण अंधार झाला. बुटांचा आवाज आला, दाराचा आला, पावसाचा आला. बराच वेळ नुसती पावलं. मग लांबून एका म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज आला, "नो पोट!"

भाऊंनी डोळे पुसले नाहीत. हात तसेच गुडघ्यांवर होते.

"ताई," ते म्हणाले, "तुमचं अक्षर फार वाईट आहे."

मी म्हटलं, हो.

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "अजून कुठली कुठली वाचता येत नाहीत, ते बघून ठेवा. पुढच्या रविवारी विचारू."

मी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.